न विचारता सांगते: नेपरव्हिलला येण्याआधी

2012 च्या मार्चमधला पहिला मंगळवार. आम्हाला इथे, अमेरिकेतल्या नेपरव्हिलला, येऊन तीन आठवडे झाले होते. नवरा ऑफिसला गेलेला, दोन वर्षांची लेक जमिनीवर डबे वाजवत बसलेली, मी पोळ्या करत होते. बाहेर लख्ख ऊन. आणि बरोबर दहा वाजता भोंगा सुरू झाला. साखर कारखान्याचा भोंगा ऐकत मी मोठी झाले, पण हा तसा नव्हता. हा चढत गेला आणि चढूनच राहिला.

मी गॅस बंद केला, लेकीला काखोटीला मारलं, पासपोर्टची फाइल उचलली आणि कोटांच्या कपाटात जाऊन दार लावून घेतलं. नवऱ्याला सहा फोन केले. तो मीटिंगमध्ये. थोड्या वेळाने भोंगा थांबला. भीत भीत खिडकीशी आले तर समोरच्या इमारतीतली बाई कुत्र्याला फिरवत होती. कुत्रासुद्धा निवांत.

संध्याकाळी कळलं. इलिनॉयमध्ये दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला टॉर्नेडोच्या भोंग्यांची चाचणी असते. वर्षानुवर्षं असते. सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कोणी कोणाला सांगत नाही.

हे "सांगत नाही" प्रकरण पचवायला मला खूप वेळ लागला. मी सांगलीची, गावभागातली. आमच्याकडे नवा भाडेकरू आला की संध्याकाळपर्यंत त्याला नळाला पाणी किती वाजता येतं, कोणता भाजीवाला मापात मारतो, कोणाचं कुत्रं चावतं आणि कोणाची सासू चावते, हे सगळं फुकट कळतं. त्याने कानात बोळे घातले तरी कळतं. इथे न विचारता सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं. लोक चांगले आहेत, हसून हात करतात, पण तुमचं चुकतंय हे तोंडाने सांगणार नाहीत.

आता माझा भाचा पुण्याहून बदली होऊन येतोय. बायको आणि चार वर्षांचा मुलगा बरोबर. त्याने विचारलं एवढंच, "मावशी, तीन बेडरूम पुरतील का?" पुरतील रे बाबा. पण जे तू विचारलं नाहीस ते मी सांगते. मी गावभागातली आहे.

आधी गाव समजून घे. नेपरव्हिल शिकागोच्या पश्चिमेला तीसेक मैलांवर आहे, ड्यूपेज आणि विल अशा दोन काउंट्यांमध्ये पसरलेलं, वस्ती दीड लाखाच्या आसपास. डाउनटाउनमधून ड्यूपेज नदी जाते. नदी म्हणजे, कृष्णा पाहिलेल्या माणसाने तिला नदी म्हणावं की नाही हा प्रश्न आहे, पण काठाने रिव्हरवॉक सुंदर बांधलाय. बाकी सगळं गाव म्हणजे मक्याच्या शेतांवर उठलेल्या वसाहती. एकीतून दुसरीत चालत जाता येत नाही. नकाशावर वाण्याचं दुकान अर्ध्या मैलावर दिसेल, पण मध्ये रूट 59 असतो. तो पायी ओलांडायला सहा-सात लेन, आणि सिग्नल हिरवा असेपर्यंत पोहोचशील याची खात्री नाही.

म्हणून पहिली गोष्ट बायकोसाठी. तिला गाडी शिकू दे. तिच्या व्हिसावर नोकरी करता येवो न येवो, गाडी यायलाच हवी. मी तेहतिसाव्या वर्षी शिकले, त्याआधी फक्त स्कूटी. पहिले सात महिने मी नवरा येईपर्यंत घरात बसून काढले आणि त्या सात महिन्यांचा राग मी अजून कुठे कुठे काढते. राहायला आल्यापासून 90 दिवसांत इथलं लायसन्स काढायचं असतं. सगळे त्या ऑफिसला डीएमव्ही म्हणतात, पण बोर्डावर सेक्रेटरी ऑफ स्टेट असं लिहिलेलं असतं. मी त्या पार्किंगमध्ये पोहोचून, चुकीच्या जागी आलो म्हणून परत फिरले होते. लाल सिग्नलला थांबून, बघून, उजवीकडे वळता येतं, मनाई लिहिलेली नसेल तर. पिवळ्या स्कूलबसचा "थांबा"चा हात बाहेर आला की दोन लेनच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यानेही थांबायचं. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिन्हीसांजेला हरणं. एक गेलं की लगेच पाय ब्रेकवरून काढू नकोस, मागून दुसरं असतंच.

आता शाळा, कारण पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, तुला पहिला प्रश्न हाच येणार आहे: दोनशे तीन की दोनशे चार? हे स्कूल डिस्ट्रिक्टचे, म्हणजे कुठली मुलं कुठल्या शाळांत जाणार हे ठरवणाऱ्या हद्दींचे, नंबर. नेपरव्हिलमध्ये 203 आहे, इंडियन प्रेअरी 204 आहे, आणि दक्षिणेकडच्या काही वसाहती तर प्लेनफिल्डच्या 202 मध्ये मोडतात. पत्त्यावर नेपरव्हिल लिहिलंय म्हणून शाळा अमुक, असं काही नाही. उलट 204 ची वॉबॉन्सी व्हॅली आणि मेटिया व्हॅली ही हायस्कुलं उभी आहेत शेजारच्या ऑरोरा शहरामध्ये. आमच्या ओळखीत एकाने शाळेसाठी म्हणून घर भाड्याने घेतलं आणि ऑगस्टमध्ये कळलं की रस्त्याच्या त्या बाजूला डिस्ट्रिक्ट बदलतं. त्यामुळे घराचा पूर्ण पत्ता देऊन डिस्ट्रिक्टकडूनच खात्री करायची. घरमालक, एजंट, व्हॉट्सॲप ग्रुप, मावशी, कोणाच्याही शब्दावर जायचं नाही.

तुझा मुलगा 1 सप्टेंबरच्या आत पाच पूर्ण होत असेल तरच किंडरगार्टन. लसीकरणाचं कार्ड नीट तारखांसहित हवं. पुण्यातल्या डॉक्टरांनी पेनाने टिक करून ठेवलेलं चालत नाही, दिवस-महिना-वर्ष लिहून, शिक्का मारून आण. इथे आल्यावर डॉक्टरांकडून शाळेचा आरोग्य तपासणीचा फॉर्म, दातांचा वेगळा, डोळ्यांचा वेगळा. जुलैमध्ये अपॉइंटमेंट मागशील तर सप्टेंबरची मिळेल, म्हणून आल्या आल्या माग. आणि 203 चांगलं की 204 हा वाद? दोन्ही चांगली आहेत. तो वाद लग्नात जेवणावळीला "कोणत्या गावचे" विचारतात त्या जातीचा आहे, पोराला शिकायला त्याने काही फरक पडत नाही.

घर. पहिलं वर्ष भाड्याने राहा, हे मी सांगणार आणि तू ऐकणार नाहीस, तेव्हा निदान हे वाच.

इथे आपल्या लोकांमुळे पूर्वमुखी घरांना वेगळीच मागणी असते. एजंट लोकांनाही आता "ईस्ट फेसिंग" पाठ झालंय. आम्हाला 2014 मध्ये जे घर परवडलं ते दक्षिणमुखी. आईने फोनवर सुस्कारा सोडला. सासूबाईंनी पिरॅमिड पाठवला. आणि पहिल्याच जानेवारीत मला साक्षात्कार झाला: दक्षिणेकडे तोंड असलेल्या ड्राइव्हवेवर दिवसभर ऊन असतं. माझा बर्फ दुपारपर्यंत वितळतो. समोरचं उत्तरमुखी घर, तिथे डिसेंबरमध्ये गोठलेला थर मार्चमध्ये निघतो आणि घरातला माणूस रोज सकाळी पेंग्विनसारखा गाडीपर्यंत जातो. यमाची दिशा असेल, पण यमाकडे ऊन बरं आहे.

घर बघताना हॉलची उंची आणि ग्रॅनाइटचा ओटा बघून सगळे भुलतात. तू शेगडीच्या वरचा पंखा लाव आणि हवा कुठे जाते ते बघ. पुष्कळ घरांत तो धूर ओढतो, जाळीतून गाळतो आणि परत तुझ्याच तोंडावर सोडतो. बाहेर जाणारा पाइपच नसतो. त्यात स्वयंपाकघर उघडं, हॉलला लागून. मोहरी-हिंगाची फोडणी बसली की वरच्या बेडरूममधला स्मोक अलार्म बोंबलतो आणि चार दिवस ऑफिसच्या कोटाला लसणीचा वास येतो. आमच्याकडे फोडणीच्या आधी आरोळी असते, "कोट आत!" मग लेक धावत जाऊन कपाटाचं दार लावते. पाइप बाहेर जाणारं घर मिळालं तर एक बेडरूम कमी चालेल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि तळघर. याच्यावर मी जरा वेळ घेणार.

इथली जमीन सपाट आणि चिकणमातीची, पाणी झिरपत नाही, वाटही काढत नाही. म्हणून बेसमेंटच्या कोपऱ्यात एक खड्डा असतो, त्यात पंप. सम्प पंप. घराभोवतीचं पाणी त्या खड्ड्यात येतं, पंप ते बाहेर फेकतो. घर दाखवताना तो कोपरा कोणी दाखवत नाही, तिथे ख्रिसमसच्या झाडाचा खोका उभा असतो. आम्हीही बघितला नाही. पहिल्याच जूनमध्ये एका रात्री जो पाऊस लागला, सकाळी लेक खाली खेळायला गेली आणि वर येऊन म्हणाली, "आई, बाप्पाचं घर पोहतंय." मखराचं थर्माकोल सगळं तरंगत होतं. पंपाचा फ्लोट अडकला होता, एवढंच. गालिचा, पुस्तकांची दोन खोकी, नवऱ्याच्या आजोबांचा तबला. डग्गा वाचला. विमा कंपनीला फोन केला तर कळलं की असं आत शिरलेलं पाणी साध्या पॉलिसीत येत नाही, त्याची पुरवणी वेगळी घ्यावी लागते, आणि नदीनाल्याच्या पुराचा विमा तर आणखी वेगळा. पॉलिसीत स्पष्ट लिहिलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे बॅटरीवर चालणारा दुसरा पंप आहे आणि मी दर मार्चमध्ये बादलीभर पाणी ओतून दोन्ही चालू होतात का बघते. सांगलीच्या माणसाला पाण्याची मापं काढायची सवय असतेच. 2019 च्या ऑगस्टमध्ये बाबा दर दोन तासांनी फोन करून आयर्विन पुलाचा आकडा सांगायचे. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि त्या वर्षी ते सत्तावन्नच्याही वर गेलं. मी इथे कोरड्या बेसमेंटमध्ये खड्ड्याशेजारी स्टुलावर बसून ते ऐकत होते. फरक एवढाच की सांगलीचा पूर वरून, कोयनेकडून येतो आणि सांगून येतो. इथलं पाणी जागच्या जागी पडतं. शेजारच्या ऑरोराला जुलै 1996 मध्ये चोवीस तासांत 16.91 इंच पाऊस झाला, तो अजून इलिनॉयचा विक्रम आहे. मिलिमीटरमध्ये 430 च्या आसपास. सपाट जमिनीवर.

बेसमेंटबद्दलच आणखी एक, रेडॉन. जमिनीतून येणारा वायू, वास नाही, रंग नाही, फुप्फुसाला वाईट. घर घेताना त्याची तपासणी करून घे. आकडा चारच्या वर आला तर पाइप आणि पंखा बसवतात, पाणी मुरल्यासारखा घाबरून जाण्याचा विषय नाही, पण विचारल्याशिवाय कोणी सांगेल असं धरून चालू नकोस.

कराचं थोडक्यात सांगते, नाहीतर तू बँकेचा हप्ता बघून खूश होशील. इलिनॉयचा प्रॉपर्टी टॅक्स घराच्या किमतीच्या वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास धर, कधी जास्तच. ड्यूपेजमध्ये जून आणि सप्टेंबर असे दोन हप्ते, आणि बिल असतं मागच्या वर्षाचं. बिल हातात आलं की ओळ न् ओळ वाच, मजा येते: शाळा, काउंटी, पार्क डिस्ट्रिक्ट, फॉरेस्ट प्रिझर्व्ह, कम्युनिटी कॉलेजसुद्धा. सगळ्यात मोठा घास शाळेचा. अगदी नवं बांधलेलं घर असेल तर पहिलं बिल कदाचित नुसत्या जागेचं येतं आणि नवराबायको एकमेकांना टाळ्या देतात. पुढच्या वर्षी घरासकट येतं. स्वतः राहत असाल तर होमस्टेड एक्झेम्प्शन, म्हणजे करात सूट, मिळते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. मी एक वर्ष केला नाही, केवळ आळस.

सबर्बात घर घेतलं की तू एका छोट्या ग्रामपंचायतीचा सरपंच होतोस, आणि शिपाईही तूच. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीला इथे पार्कवे म्हणतात. त्यातलं झाड शहराचं, पण गवत कापायचं तू. पानं गोळा करायला शहराच्या गाड्या ठरलेल्या आठवड्यांत येतात, तेव्हा ढीग रस्त्याच्या कडेला हवा. आठवडा चुकला की पिशव्या भरत बस. रात्री दोन ते पाच रस्त्यावर गाडी लावायची नाही. आमच्याकडे डेट्रॉइटहून मावसभाऊ आला, गप्पा मारत बाराला झोपलो, सकाळी त्याच्या काचेवर तिकीट. चूक माझीच, आधी कळवलं की पाहुण्याच्या गाडीला परवानगी मिळते, हे मला तिकिटानंतर कळलं. विजेचं बिल शहराकडूनच येतं, शहराची स्वतःची वीजव्यवस्था आहे, त्यामुळे शिकागोतला मित्र सांगेल त्या कंपनीला फोन करत बसू नकोस.

टॉर्नेडोचं आता नीट सांगते, कपाटात बसायला नको. वॉच म्हणजे हवा तशी आहे, फोन जवळ ठेवा. वॉर्निंग म्हणजे दिसलंय किंवा रडारवर कळलंय, बेसमेंटमध्ये जा, व्हिडिओ काढत गॅलरीत उभं राहू नका. पहिली सात-आठ वर्षं मी वॉर्निंगलाही कुकर उतरवूनच खाली जायचे. मग 20 जून 2021 च्या रात्री अकराच्या सुमाराला फोन किंचाळले, भोंगे वाजले, आणि नेपरव्हिलच्या पूर्वेकडच्या वस्तीतून ईएफ-3 दर्जाचं वादळ गेलं (पाच म्हणजे सगळ्यात भयंकर). आमच्यापासून चार मैलांवर. दुसऱ्या दिवशी डबे घेऊन गेलो तेव्हा एका घराला भिंती होत्या, छप्पर नव्हतं, आणि उघड्या पडलेल्या खोलीत हँगरला कपडे तसेच लटकत होते. प्लेनफिल्डमध्ये 28 ऑगस्ट 1990 ला एफ-5 वादळाने 29 माणसं गेली, त्या वेळी इशारा वेळेत मिळालाच नव्हता. इथली जुनी माणसं त्याबद्दल बोलताना आवाज खाली करतात. आता मी कुकर तसाच सोडते. गॅस मात्र बंद करते.

थंडीबद्दल सगळेच सांगतात, तरी सगळे चुकीचं सांगतात. पुण्यातून जाड कोट आणू नकोस. तो इथल्या नोव्हेंबरला पुरतो. इथे येऊन घे, आणि कोटाआधी बूट घे. आकड्यांनी घाबरायचं असेल तर 30 जानेवारी 2019 चा घे: शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे 23 फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे एकतीसच्या जवळ. रेल्वेवाल्यांनी सांधे गोठू नयेत म्हणून रुळांपाशी ज्वाळा पेटत्या ठेवल्या होत्या. आम्ही नळ थेंब थेंब चालू ठेवून तीन दिवस घरात बसलो. पण ते तीनच दिवस होते. खरा त्रास अंधाराचा. डिसेंबरात चार वीसला सूर्य मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. पहिल्या हिवाळ्यात मी दुपारी दोनला परकर-पोलक्यातल्या मुलीसारखी खिडकीतल्या उन्हाच्या चौकोनात बसायचे आणि तो सरकला की मीही सरकायचे. डॉक्टरकडून व्हिटॅमिन डी तपासून घे. बायकोलाही सांग. ती "मला काही नाही झालं" म्हणाली तरी सांग.

आईवडिलांना बोलवायचं ते मेच्या शेवटी. जूनमध्ये साडेआठला सूर्य मावळतो, सासरे तेव्हा खुशीत असतात, रोज फुटपाथवर तासभर चालून "अरे, माणसं कुठायत?" एवढाच प्रश्न घेऊन परत येतात. माणसं गॅरेजमध्ये गाडी घालून, बटणाने दार लावून, मागच्या अंगणात असतात. पुढच्या ओसरीवर खुर्च्या असतात, त्या शोभेच्या.

दही हिवाळ्यात लागत नाही. ओव्हन न पेटवता नुसता त्याचा दिवा लावून रात्रभर आत ठेव. डोशाचं पीठही तसंच. हे मला सहा महिन्यांनी एका तेलुगू मैत्रिणीने सांगितलं, न विचारता. तेव्हाच मला वाटलं, हिच्याशी आपलं जमणार.

शिकागोत ऑफिस असेल तर बीएनएसएफ लाइनची मेट्रा, म्हणजे इथली लोकल गाडी. नेपरव्हिल आणि रूट 59 ही दोन स्टेशनं, जलद गाडी युनियन स्टेशनला चाळीसेक मिनिटांत. डबे दुमजली, मला वर एकेरी खुर्चीत बसायला आवडतं. 2013 मध्ये नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका रिकाम्याशा शांत डब्यात बसले आणि आईला फोन लावला. सांगलीशी बोलायचं म्हणजे आवाज थोडा चढतोच. पाच मिनिटांनी समोरच्या गृहस्थांनी पेपर खाली केला आणि काही न बोलता बोट वर केलं. तिथे लिहिलं होतं: क्वाएट कार. गर्दीच्या वेळी काही डब्यांत बोलायचंच नसतं. अख्ख्या डब्याला माझ्या वहिनीच्या बाळंतपणाची बातमी ऐकू गेली होती. कोणाला कळली नाही एवढंच.

आपली माणसं भरपूर आहेत, त्याची काळजी करू नकोस. रूट 59 वर पिठापासून पडवळापर्यंत सगळं मिळतं. ज्यांच्या दुकानांतून आज अमेरिकाभर किराणा जातो त्या पटेल ब्रदर्सची सुरुवातच 1974 मध्ये शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर झाली. ऑरोराला बालाजी मंदिर आहे, दर्शनाइतकीच गर्दी कँटीनला असते. इथल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना 1981 साली शिकागोतलीच, आणि इथलं महाराष्ट्र मंडळ त्याहून जुनं. गणपती, मराठी शाळा, नाटक, सगळं आहे. धोका उलटा आहे. शुक्रवार ते रविवार आपल्याच लोकांत इतका छान जातो की दहा वर्षांनी शेजाऱ्याचं आडनाव माहीत नसतं. म्हणून लायब्ररीचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढ, 95th स्ट्रीटची मला सगळ्यात आवडते. पार्क डिस्ट्रिक्टच्या पोहण्याच्या वर्गांची नोंदणी उघडते त्या सकाळी गजर लाव, चांगल्या वेळा पटकन भरतात.

आणि सप्टेंबरमध्ये स्प्रिंगब्रुक प्रेअरीत चालायला जा. तिथलं मूळचं उंच गवत डोक्याच्या वर गेलेलं असतं, तांबूस, आणि वारं सुटलं की आवाज थेट उसाच्या फडासारखा येतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पायवाटेवर थांबले आणि नवऱ्याला म्हटलं, पाणी सोडलंय वाटतं.

2024 च्या मेअखेर सतरा वर्षं जमिनीत असलेले सिकाडा किडे बाहेर आले. जुन्या गावात इतके की बोलणं ऐकू येईना, आमच्या वसाहतीत मात्र जेमतेम. मी समोरच्या म्हातारबुवांना विचारलं, असं का? ते हसले. म्हणाले, हे किडे झाडाच्या मुळांवर जगतात, आणि ते अंडी घालत होते तेव्हा इथे मका होता. मग त्यांनी मला हाताने दाखवलं, कुठपर्यंत मका होता, धान्याचा कोठार कुठे होता, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचायचं. कोपरा आमच्या घराचाच. दहा वर्षं समोरासमोर राहतोय, आमचा गालिचा अंगणात वाळत घातलेला त्यांनी पाहिला होता. मी म्हटलं, हे मला आधी का नाही सांगितलंत? ते गोंधळले. म्हणाले, तुम्ही विचारलं नाहीत.

हेच म्हातारबुवा, बर्फ पडला की पहाटे आपलं यंत्र घेऊन स्वतःचा फुटपाथ साफ करतात आणि न थांबता आमचाही करून टाकतात. त्याबद्दल कधी एक शब्द बोललेले नाहीत. मी दर हिवाळ्यात तिळाच्या वड्या नेऊन देते. तेही डबा परत देताना रिकामा देत नाहीत, हे त्यांना कोणी शिकवलं कोण जाणे.

सामानाचं. तिकडचा मिक्सर आणू नकोस, इथे वीज 120 व्होल्टची, तो गुरगुरेल फक्त. कुकर इथे मिळतो, पण तुमच्याच कुकरच्या दोन रिंगा आण. मुलाच्या लसींचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेव, सामानात नको. विम्याच्या कागदांचा गठ्ठा मिळेल तो वाच. आणि दोन किलो भडंग. सांगलीचं, पुण्यातलं नको. तू विचारलं नव्हतंस, माहीत आहे.